रेफरन्स काउंटिंग असूनही मेमरी का वाढते?

आपला प्रश्न मला समजला तो असा. पायथनमध्ये लिहिलेल्या एका वेब-सेवेची मेमरी दिवसभर चढत जाते आणि रोज रात्री ती सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. गटातील एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की पायथन रेफरन्स काउंटिंग (प्रत्येक ऑब्जेक्टला किती ठिकाणांहून धरले आहे हे मोजत राहणे) वापरत असल्यामुळे त्यात मेमरी अडकून राहणे शक्यच नाही. तेव्हा सोबतचा गार्बेज कलेक्टर (नको असलेली ऑब्जेक्टे शोधून मोकळी करणारी यंत्रणा) बंद करावा, म्हणजे वेगही वाढेल. दुसऱ्या सहकाऱ्याच्या मते रेफरन्स काउंटिंग ही जुनी, मागे पडलेली पद्धत असून सेवा जावा किंवा गो या गार्बेज कलेक्शन वापरणाऱ्या भाषांत नव्याने लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. रेफरन्स काउंटिंग आणि गार्बेज कलेक्शन या दोन पद्धतींत चांगली कोणती आणि कलेक्टर बंद करावा का, हे आपण विचारले आहे. गेली वीस वर्षे सी प्लस प्लस आणि पायथनमधील सर्व्हर-प्रणाली सांभाळताना हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. माझे मत असे झाले आहे, की दोन्ही पद्धती एकच हिशेब ठेवतात. तो हिशेब केव्हा लिहिला जातो आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यात पडतो, एवढ्यापुरता त्यांच्यात भेद आहे, आणि आपल्या सेवेचे दुखणे या भेदापेक्षा बहुधा वेगळ्याच ठिकाणी असते.

वाणसामानाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. एक दुकानदार माल आला-गेला की लगेच किर्दीत नोंद करतो. कोणती वस्तू संपली हे त्याला त्याच क्षणी कळते. परंतु प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्याचा हात वहीकडे जातोच, आणि एखादी नोंद चुकली तर ती चूक पुढे तशीच राहते. दुसरा दुकानदार दिवसभर काहीच लिहीत नाही. ठरावीक काळाने दुकान बंद करून फळ्यांवरील मालाची मोजदाद करतो. त्याचे रोजचे व्यवहार झपाट्याने होतात, पण मोजदादीच्या वेळी गिऱ्हाईक बाहेर तिष्ठत उभे राहते. शिवाय मोजदादीला लागणारा वेळ विकल्या गेलेल्या मालावर अवलंबून नसतो. तो दुकानात शिल्लक राहिलेल्या मालावर ठरतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचा बराचसा हिशेब त्यावरच उभा आहे.

रेफरन्स काउंटिंग ही किर्दीची रीत. प्रत्येक ऑब्जेक्टजवळ (मेमरीतील माहितीच्या घटकाजवळ) एक आकडा असतो; त्याच्याकडे निर्देश करणारा नवा पॉइंटर, म्हणजे संदर्भ, तयार झाला की तो एकाने वाढतो, पॉइंटर नाहीसा झाला की एकाने घटतो, आणि शून्यावर आला की ते ऑब्जेक्ट तिथल्या तिथे मोकळे केले जाते. ज्याला सर्वसाधारणपणे गार्बेज कलेक्शन म्हटले जाते ती मोजदादीची रीत. कलेक्टर स्टॅक (चालू फंक्शनांच्या चलांची जागा), ग्लोबल चले आणि प्रोसेसरची रजिस्टरे या मुळांपासून निघतो, पॉइंटरांचा माग काढत जिथवर पोहोचता येते तिथवरच्या ऑब्जेक्टांवर खूण करतो, आणि खूण न झालेले सारे कचरा मानतो.

यात जुने-नवे असे काही नाही. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेवरील आपल्या लेखात खूण करत जाण्याची पद्धत मांडली ती एप्रिल १९६० मध्ये, आणि जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक यादीजवळ आकडा ठेवण्याची कल्पना मांडली ती त्याच नियतकालिकात, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. म्हणजे वयाचाच मुद्दा काढायचा तर रेफरन्स काउंटिंग आठ महिन्यांनी धाकटे ठरते. कॉलिन्स यांचा आक्षेपही आजच्या कानांना ओळखीचा वाटेल असाच होता: मेमरी भरत आली की मॅकार्थींची पद्धत पुष्कळ फिरते आणि तिच्या हाती मात्र थोडेच लागते.

लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने रेफरन्स काउंटिंग प्रत्यक्ष पाहिलेले असते, भले त्याला त्या नावाने ओळखले नसेल. डिस्क भरली म्हणून आपण एक मोठी लॉग फाइल पुसून टाकतो, ती यादीतून दिसेनाशी होते, आणि तरीही रिकामी जागा वाढत नाही. कारण कुठल्यातरी चालू प्रक्रियेने ती फाइल उघडून धरलेली असते. फाइलकडे जाणाऱ्या नावांचा आकडा आणि ती उघडून धरणाऱ्यांचा आकडा, हे दोन्ही शून्यावर आल्याखेरीज यंत्रणा तिची जागा सोडत नाही. सामान्य वापरकर्त्याला डिरेक्टरीची हार्ड लिंक (तिच्याकडेच जाणारे दुसरे नाव) करू देत नाहीत, यामागेही हेच गणित आहे: तशी मुभा दिली तर डिरेक्टऱ्यांचे वर्तुळ तयार होईल आणि त्यातला आकडा कधीच शून्यावर येणार नाही. वर्तुळांच्या या दुखण्याकडे पुढे येतोच.

रेफरन्स काउंटिंगचे गुण खरे आहेत, ते आधी मान्य केले पाहिजेत. मेमरी तत्काळ परत मिळते. नुकतीच मोकळी झालेली जागा अजून प्रोसेसरच्या कॅशेत (त्याच्याजवळच्या वेगवान मेमरीत) असतानाच पुढच्या ऑब्जेक्टला देता येते. सगळ्या मेमरीवरून एकदाही फिरावे लागत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमला लागते त्याच्या जवळपास तेवढीच मेमरी पुरते. आणि एक गुण असा आहे, की ज्याचा उल्लेख फारसा होत नाही पण ज्याने पायथन, पर्ल, पीएचपी अशा भाषांचे भवितव्य ठरवले: या पद्धतीला मुळे ठाऊक असण्याची गरज नसते. सी मध्ये लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीच्या स्टॅकवर कुठे पॉइंटर दडला आहे, हे कलेक्टरला कळण्याची कोणतीही सरळ वाट नाही. रेफरन्स काउंटिंगमध्ये त्या लायब्ररीने आपला आकडा प्रामाणिकपणे वाढवला-घटवला की काम झाले. पायथनभोवती सी लायब्रऱ्यांचे एवढे मोठे जग उभे राहिले, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या साध्या कराराला जाते.

आता खर्चाची बाजू. पहिला खर्च म्हणजे वाचणे हेदेखील लिहिणे होऊन बसते. एखादे ऑब्जेक्ट नुसते पाहायचे म्हटले तरी त्याचा आकडा वाढवावा लागतो, म्हणजे मेमरीत लिहावे लागते. एकाच सर्व्हरवर आधी सगळे मॉड्यूल चढवून मग फोर्कने (चालू प्रक्रियेच्या प्रती काढून) अनेक प्रक्रिया काढणाऱ्यांना हे फार जाचते, कारण फोर्कनंतर मेमरीची पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, सामायिक राहतात ती कोणी त्यांवर लिहीत नाही तोवरच. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनी २०१७ च्या आरंभी आपला असाच अनुभव जाहीर केला होता. सामायिक पाने भराभर तुटत होती. आधी त्यांचा संशय रेफरन्स काउंटवर होता, परंतु माग काढल्यावर मुख्य दोषी निघाला तो पायथनचा वर्तुळे शोधणारा कलेक्टर. प्रत्येक फेरीत तो ऑब्जेक्टांच्या शीर्षभागातील दुवे बदलत असे, आणि त्यामुळे पाने खरडली जात. त्यांनी तो कलेक्टर बंद केला. आपल्या पहिल्या सहकाऱ्याने बहुधा हीच हकिगत कुठेतरी वाचली असावी; परंतु तिचा पुढचा भागही त्यांना सांगावा. कायमचे बंद ठेवणे त्रासाचे ठरते म्हणून पुढे त्याच मंडळींच्या प्रयत्नांतून पायथन ३.७ मध्ये जीसी मॉड्यूलला फ्रीझ ही सोय आली. फोर्कपूर्वी असलेली सर्व ऑब्जेक्टे ती कलेक्टरच्या नजरेआड करते आणि नंतरच्या ऑब्जेक्टांसाठी कलेक्टर चालूच राहतो. २०२३ मधील ३.१२ आवृत्तीत ट्रू, फॉल्स, नन यांसारख्या ऑब्जेक्टांचा आकडा गोठवून टाकण्यात आला, तोही काही अंशी याच कारणाने.

दुसरा खर्च थ्रेडांचा (एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या कामांचा), आणि माझ्या मते हा सर्वांत गंभीर. दोन थ्रेड एकाच ऑब्जेक्टचा आकडा एकाच वेळी बदलू लागले, तर साधी बेरीज चुकते. म्हणून अविभाज्य, म्हणजे अ‍ॅटॉमिक बेरीज वापरावी लागते. ती साध्या बेरजेच्या कित्येक पट महाग असते, आणि आकडा ज्या कॅशे-ओळीत असतो ती ओळ एका कोअरकडून दुसऱ्या कोअरकडे चेंडूसारखी फिरत राहते. परंतु खरी मेख याहून खोल आहे. एका थ्रेडने सामायिक जागेतून पॉइंटर वाचला आणि आकडा वाढवण्यापूर्वीच दुसऱ्या थ्रेडने शेवटचा संदर्भ सोडला, तर पहिला थ्रेड जो आकडा वाढवू पाहतो तो आता मोकळ्या झालेल्या जागेतला असतो. आकडा अ‍ॅटॉमिक असून उपयोग नाही. वाचणे आणि वाढवणे या दोन्ही कृती मिळून एक व्हायला हव्यात. सी प्लस प्लसमध्ये शेअर्ड पॉइंटर (असा आकडा ठेवणारा पॉइंटर) वापरला की थ्रेडांची चिंता मिटली असे समजणारी तरुण मंडळी मी प्रत्येक मुलाखतीत पाहतो. दोन थ्रेडांकडे आपापली प्रत असेल तर ते सुरक्षित असतात, पण एकच शेअर्ड पॉइंटर दोघांनी वाचला-बदलला तर नसतात, हा भेद बहुतेकांना दिसत नाही.

पायथनने यावर काढलेला उपाय म्हणजे जीआयएल हे एकच मोठे कुलूप. एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवणार, म्हणून आकड्याची बेरीज साधी राहू शकते. लोक त्या कुलपाला शिव्या देतात, पण ते होते म्हणूनच एका थ्रेडवर पायथनची रेफरन्स काउंटिंग परवडत होती. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ आवृत्तीत कुलपाविना चालणारी प्रायोगिक बांधणी आली, तेव्हा आकड्याचे दोन भाग करावे लागले: ज्या थ्रेडने ऑब्जेक्ट निर्माण केले त्याच्यासाठी साधा, स्वस्त आकडा, आणि इतर सर्वांसाठी अ‍ॅटॉमिक आकडा. बहुतेक ऑब्जेक्टे जन्मल्या थ्रेडातच मरतात या निरीक्षणावर ही युक्ती उभी आहे.

तिसरे दुखणे वर्तुळांचे. दोन माणसांनी एकमेकांना जामीन राहावे आणि बाहेरच्या जगात त्या दोघांनाही कोणी ओळखत नसावे, तशी ही स्थिती. ‘अ’ कडे ‘ब’ चा पॉइंटर आहे, ‘ब’ कडे ‘अ’ चा. बाकी कोणाकडेच काही नाही. दोघांचाही आकडा एकवरच अडकून राहतो आणि दोघेही अमर होतात. मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच हे दाखवून दिले होते. वर्तुळे ही विचित्र रचनांमध्येच आढळणारी गोष्ट आहे असे कोणी समजू नये. मूल-नोडकडे पालकाचा पॉइंटर, कॉलबॅकने पकडून ठेवलेला सेल्फ, एकमेकांची दखल घेणारे दोन श्रोते, अशी ती रोजच्या कोडमध्ये पावलोपावली असतात. पायथनमधील एक उदाहरण तर भाषेच्या रचनेतच शिरले आहे: पकडलेला एक्सेप्शन (त्रुटीचे ऑब्जेक्ट) स्थानिक चलात ठेवला, की एक्सेप्शनकडे ट्रेसबॅक (त्रुटी कुठून आली त्याचा माग), ट्रेसबॅककडे फ्रेम (चालू फंक्शनच्या चलांची नोंद) आणि फ्रेमकडे पुन्हा तेच चल असे वर्तुळ पुरे होते. म्हणूनच पायथन ३ मध्ये एक्सेप्ट-गट संपताच ते नाव आपोआप पुसले जाते.

जाता जाता एक गंमत सांगण्याजोगी आहे. लिनक्स कर्नल हा रेफरन्स काउंटिंगचा बालेकिल्ला. तिथे सगळीकडे आकडेच आकडे. तरीही त्यात युनिक्स सॉकेटांपुरता (एकाच यंत्रावरील प्रक्रियांमधील संवादाच्या मार्गांपुरता) एक छोटा गार्बेज कलेक्टर आहे. त्या सॉकेटमधून फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचे वा सॉकेटचे संदर्भ) पाठवता येतात, म्हणजे एखादे सॉकेट स्वतःच्याच रांगेत स्वतःला पाठवता येते, आणि मग बाहेरचे सारे दुवे बंद केले तरी ते स्वतःलाच धरून बसते. ज्यांनी आकड्यांवर एवढी निष्ठा ठेवली त्यांनाही शेवटी त्या एका कोपऱ्यात मोजदाद करावी लागली.

पायथनमध्ये वर्तुळांसाठीचा कलेक्टर २००० साली, २.० या आवृत्तीत आला, आणि त्याची रीत मला अजूनही सुंदर वाटते. तो फक्त इतरांना धरू शकणारी ऑब्जेक्टे, म्हणजे लिस्ट, डिक्शनरी, इन्स्टन्स वगैरे पाहतो. प्रत्येकाच्या आकड्याची एक प्रत काढतो. मग त्या समूहातील ऑब्जेक्टांनी एकमेकांना दिलेले संदर्भ त्या प्रतींतून वजा करतो. वजाबाकीनंतर ज्याचा आकडा शून्याहून अधिक उरतो त्याला बाहेरून कोणीतरी धरले आहे, हे उघड होते. ते आणि त्यांच्यापासून पोहोचता येणारी सारी ऑब्जेक्टे जिवंत, आणि उरलेली एकमेकांच्या जामिनावर जगणारी. मुळे शोधण्याची गरज इथेही पडत नाही, म्हणून सी लायब्रऱ्यांशी असलेला तो जुना करार मोडत नाही. पीएचपीमध्येही २००९ च्या ५.३ आवृत्तीत याच जातीची सोय झाली. तेव्हा ‘पायथनमध्ये रेफरन्स काउंटिंग आहे, म्हणून कलेक्टर नको’ हे विधान उलटे आहे: रेफरन्स काउंटिंग आहे, म्हणूनच तो कलेक्टर लागतो.

चौथी गोष्ट, जिच्याविषयी फार भाबडेपणा आढळतो, ती म्हणजे ‘रेफरन्स काउंटिंगमध्ये प्रोग्रॅम थबकत नाही’ हा समज. मी एका वित्तीय क्षेत्रातील ग्राहकासाठी लिहिलेल्या सी प्लस प्लस सेवेत काही विनंत्या अधूनमधून विनाकारण रेंगाळत असत, आणि गटातील सर्वजण नेटवर्ककडे बोट दाखवत होते. कारण निघाले ते असे. ताज्या माहितीचा एक प्रचंड वृक्ष दर काही मिनिटांनी बदलला जाई, आणि जुन्या वृक्षाचा शेवटचा संदर्भ ज्या बिचाऱ्या विनंतीच्या हातून सुटे तिच्याच थ्रेडवर लक्षावधी नोडांची विल्हेवाट लागे. मुळाचा आकडा शून्य झाला की मुलांचे आकडे घटतात, त्यांतले शून्य झाले की नातवंडांचे. ही साखळी किती लांब आहे हे सोडणाऱ्याला ठाऊक नसते. साखळी एकेरी यादीची असेल आणि विध्वंसक (ऑब्जेक्ट मोकळे करताना चालणारे) फंक्शन स्वतःला पुन्हा पुन्हा हाक मारत असेल, तर स्टॅकच ओसंडतो. पायथनच्या अंतर्भागात हे टाळण्यासाठी वेगळी यंत्रणा करावी लागली आहे. आम्ही शेवटी जुना वृक्ष एका वेगळ्या थ्रेडकडे सोपवून त्याला सावकाश मोकळा करू दिले. म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारा एक लहानसा कलेक्टरच आम्ही हाताने लिहिला, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

आता मोजदादीच्या रीतीकडे वळू. तिचे सामर्थ्य एका वाक्यात सांगता येते: जिवंत ऑब्जेक्टे एका जागेतून दुसऱ्या जागेत हलवणारा कलेक्टर मेलेल्यांना हातसुद्धा लावत नाही. दहा लाख ऑब्जेक्टे जन्मली आणि त्यांतली हजारच जगली, तर काम हजारांचेच. बहुतेक ऑब्जेक्टे तरुणपणीच मरतात हे अनुभवास आल्यामुळे लीबरमन आणि ह्यूइट यांनी १९८३ मध्ये, आणि अंगर यांनी १९८४ मध्ये, नव्या ऑब्जेक्टांची पिढी वेगळी ठेवून तीच वारंवार झाडून काढण्याची रीत मांडली. जावाची सारी प्रमुख कलेक्टर-यंत्रणा आज तीवर उभी आहे. नवी जागा देण्याचे कामही एक पॉइंटर पुढे सरकवण्याइतके सोपे होते. लहान लहान ऑब्जेक्टे भराभर निर्माण करून फेकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साधी रेफरन्स काउंटिंग चांगल्या कलेक्टरपुढे टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे.

याची किंमत मोकळ्या मेमरीत चुकवावी लागते. समजा, जिवंत माल १ जीबी आहे आणि हीपची (ऑब्जेक्टे जिथे राहतात त्या मेमरीची) मर्यादा २ जीबी ठेवली. मग दर १ जीबी नवी मेमरी वाटली की एक फेरी होणार, आणि प्रत्येक फेरीत १ जीबी जिवंत माल धुंडाळावा लागणार. मर्यादा ५ जीबी केली, तर तीच फेरी दर ४ जीबीनंतर होईल. काम एक चतुर्थांश. गो भाषेतील जीओजीसी या चलाचे मूळ मूल्य १०० असते त्याचा अर्थ एवढाच, की हीप जिवंत मालाच्या साधारण दुप्पट होईपर्यंत वाट पाहावी. हर्ट्झ आणि बर्गर यांनी २००५ मध्ये जावाच्या प्रोग्रॅमांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष सुप्रसिद्ध आहे: हाताने मेमरी सोडण्याच्या तुलनेत पाचपट मेमरी दिली तर कलेक्टर वेगात बरोबरी करतो, तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के मागे पडतो, आणि दुप्पटच दिली तर जवळजवळ ७० टक्के. त्यानंतर कलेक्टर पुष्कळ सुधारले, म्हणून हे आकडे आज जसेच्या तसे लावू नयेत. वक्ररेषेचा आकार मात्र तोच आहे.

ॲपलच्या निवडीकडे याच दृष्टीने पाहावे. ॲपलच्या ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत २००७ च्या लेपर्ड या मॅक प्रणालीबरोबर गार्बेज कलेक्टर आला, पण तो मॅकपुरताच. आयफोनवर तो कधीच दिला गेला नाही. २०११ मध्ये एआरसी, म्हणजे आपोआप होणारी रेफरन्स काउंटिंग, आली, जिच्यात आकडा वाढवण्या-घटवण्याच्या सूचना कंपायलर स्वतः पेरतो आणि अनावश्यक जोड्या स्वतःच काढूनही टाकतो. २०१२ मध्ये कलेक्टर वापरू नये असे जाहीर झाले आणि २०१६ च्या सिएरामध्ये तो हटवलाच गेला. मोकळ्या मेमरीची चैन नसलेला फोन आणि सी शी जन्माचे नाते असलेली भाषा, या दोन्हींचा विचार करता तो निर्णय मला योग्यच वाटतो. त्याची झळ मात्र ॲपलची नवी भाषा स्विफ्ट लिहिणाऱ्याला रोज बसते: क्लोजरमध्ये (नंतर चालवण्यासाठी ठेवलेल्या फंक्शनमध्ये) वीक सेल्फ, म्हणजे आकडा न वाढवणारा संदर्भ, लिहायचे राहून गेले की पडदा बंद होतो, पण त्यामागचे ऑब्जेक्ट राहते, आणि ते शोधून देणारा कलेक्टर तिथे नाही.

थबकण्याविषयी बोलायचे, तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या समजुती आता बाजूला ठेवाव्यात. गोच्या १.५ आवृत्तीने २०१५ मध्ये विराम १० मिलिसेकंदांखाली आणण्याचे वचन दिले आणि २०१७ मधील १.८ आवृत्तीत ते बहुधा १०० मायक्रोसेकंदांच्या आत आले. जावाचा झेडजीसी हा कलेक्टर हीप कितीही मोठा असला तरी विराम वाढू देत नाही. २०२० मध्ये तो प्रत्यक्ष वापरासाठी सिद्ध झाला. अर्थात विराम लहान झाला म्हणजे काम नाहीसे झाले असे नव्हे. ते प्रोग्रॅमच्या बरोबरीने चालते आणि प्रोसेसरचा वाटा खाते. डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेने २०२० मध्ये आपली एक सेवा गोमधून कलेक्टर नसलेल्या रस्ट भाषेत नेली त्याचे कारण हेच: मोठ्या कॅशेत जिवंत माल प्रचंड, नवा कचरा नगण्य, आणि तरीही गोचा कलेक्टर किमान दर दोन मिनिटांनी एक फेरी मारणारच. मोजदादीचा वेळ शिल्लक मालावर अवलंबून असतो, हा सुरुवातीचा मुद्दा इथे आठवावा. आपल्या दुसऱ्या सहकाऱ्याने ‘गोमध्ये लिहू’ म्हणण्यापूर्वी आपल्या सेवेचा घाट यांपैकी कोणता आहे, हे पाहिलेले बरे.

दोन्ही पद्धती सुधारत गेल्या तसतशा एकमेकींसारख्या होत गेल्या, हे मला या विषयातील सर्वांत रंजक सत्य वाटते. डॉइच आणि बॉब्रो यांनी १९७६ मध्ये सुचवले, की स्टॅकवरचे संदर्भ मोजूच नयेत. आकडा शून्य झालेली ऑब्जेक्टे एका तक्त्यात ठेवावीत आणि अधूनमधून स्टॅक तपासून मगच सोडावीत. खर्च एकदम कमी झाला, पण तत्काळ मोकळे होण्याचा गुणही गेला. उलट बाजूने, पिढ्या वेगळ्या ठेवणाऱ्या कलेक्टरला जुन्या ऑब्जेक्टमधून नव्याकडे जाणारा प्रत्येक पॉइंटर नोंदवून ठेवावा लागतो, म्हणजे पॉइंटर लिहिताना थोडी किर्द त्यालाही चुकली नाही. बेकन, चेंग आणि राजन यांनी २००४ मध्ये हे साम्य नीट सिद्धान्तरूपाने मांडले: एक पद्धत जिवंत द्रव्याचा माग काढते, दुसरी मृत प्रतिद्रव्याचा, आणि प्रत्यक्ष वापरातील चांगली यंत्रणा या दोघींच्या मधेच कुठेतरी बसलेली असते.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो, जो मी गटातील प्रत्येक नवागताला पहिल्याच आठवड्यात सांगतो: फाइल, सॉकेट, डेटाबेसचे कनेक्शन यांची मुक्तता मेमरीच्या यंत्रणेवर कधीही सोपवू नये. सीपायथनवर, म्हणजे नेहमीच्या पायथनवर, वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला एक कोड आम्ही वेगासाठी पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अंमलबजावणीवर नेला, आणि काही वेळातच उघड्या फाइलींची मर्यादा संपली. कोडमध्ये फाइल उघडून वाचली जाई आणि बंद करण्याचे काम आकडा शून्य होण्यावर सोडलेले होते. पायपायमध्ये रेफरन्स काउंटिंग नाही, त्यामुळे कलेक्टरची फेरी होईपर्यंत त्या फाइली उघड्याच राहिल्या. पायथनमध्ये विथ हे विधान २.५ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, जावात ट्राय-विथ-रिसोर्सेस २०११ पासून. जावाचे फायनलाइझ तर २०१७ पासून वापरू नये म्हणून जाहीर आहे. सोयी आहेत, त्या वापराव्यात.

आता आपल्या सेवेविषयी. कलेक्टर बंद करण्याचा सल्ला मी आज तरी देणार नाही. पीएचपीच्या कंपोझर या साधनात २०१४ च्या डिसेंबरमध्ये कलेक्टर बंद करणारी एक ओळ घातल्यावर ते फार वेगवान झाले, हे खरे. पण ते काही सेकंद चालून संपणारे साधन आहे, आणि प्रक्रिया संपली की सारी मेमरी तशीही परत जाते. दिवसचे दिवस चालणाऱ्या सेवेत तीच ओळ वर्तुळांना मोकळे रान देते. फोर्क करणारा सर्व्हर असेल, तर मॉड्यूल चढवून झाल्यावर आणि फोर्कच्या आधी फ्रीझ करून पाहावे. त्यात धोका फारसा नाही.

मेमरी का वाढते हे मात्र मोजूनच ठरवावे लागेल. चाचणी-यंत्रावर सेवेला तासभर खऱ्यासारखा भार द्यावा आणि मग जीसी मॉड्यूलचे कलेक्ट हाताने बोलवावे. ते फंक्शन किती अप्राप्य ऑब्जेक्टे सापडली तो आकडा परत देते. आकडा मोठा आला आणि मेमरीही उतरली तर वर्तुळे आहेत, आणि पालकाकडे जाणारे दुवे वीकरेफने (आकडा न वाढवणाऱ्या संदर्भाने) धरल्यास बहुतेक काम होईल. आकडा किरकोळ आला तर ट्रेसमॅलॉकने (मेमरी कोणत्या ओळीने घेतली ते नोंदवणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलने) अर्ध्या तासाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेऊन त्यांतील फरक पाहावा. माझा अंदाज असा, की एखादी ग्लोबल डिक्शनरी किंवा मेथडवर लावलेला एलआरयू कॅशे (आधीची उत्तरे साठवून ठेवणारी सोय) वाढताना दिसेल. मेथडवरचा तो कॅशे सेल्फलाही धरून ठेवतो, ही गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. अशी ऑब्जेक्टे पोहोचता येण्याजोगी असतात, म्हणून जगातील कोणताही कलेक्टर त्यांना हात लावणार नाही. सेवा जावात लिहिली तर तीच डिक्शनरी हॅशमॅप होऊन तशीच फुगेल.

आणि ट्रेसमॅलॉकचा आकडा स्थिर असून प्रक्रियेची मेमरी तेवढी चढत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक, सी मध्ये लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीने स्वतःची मेमरी सोडलेली नाही. दुसरी, जागेचे तुकडे झाले आहेत: पायथन ऑब्जेक्टे हलवू शकत नाही, आणि मेमरीच्या मोठ्या गठ्ठ्यात एक जरी चिमुकले ऑब्जेक्ट जिवंत राहिले तरी तो गठ्ठा यंत्रणेला परत जात नाही. या दुसऱ्या प्रकारात ठरावीक विनंत्यांनंतर वर्कर-प्रक्रिया आळीपाळीने बदलण्याची सोय बहुतेक सर्व्हरांत असते. ती वापरल्यास रात्री सगळी सेवा बंद करण्याची वेळ येणार नाही.